बाइंडिंगला गेलेला अंक

परिषदेच्या फॉर्मवर 'पदनाम' नावाचा एक रकाना होता आणि त्या रकान्यानं सूचीबाईंचं डोकं फिरवलं होतं. वकीलबाई कॉम्प्युटरवर फॉर्म भरत होत्या. निवडायला पर्याय सहाच : वकील, न्यायाधीश, प्राध्यापक, विद्यार्थी, विक्रेता आणि इतर.

"'इतर' टाकू?" वकीलबाईंनी विचारलं.

"एकतीस वर्षं मी इथे इतर म्हणून बसले होय? त्यापेक्षा विक्रेता टाका. निदान गळ्यातला बिल्ला बघून माणसं बिचकून तरी राहतील."

वकीलबाई हसल्या आणि त्यांनी 'इतर' टाकलं. सूचीबाईंनी नाक मुरडलं, पण आतून त्यांना उकळ्या फुटत होत्या. एकसष्टाव्या वर्षी त्या पहिल्यांदाच कुठल्या परिषदेला निघाल्या होत्या, तेही कायदा आणि तंत्रज्ञानाच्या. खुद्द त्यांच्याकडचा स्मार्टफोन इतका जुना होता की समोरच्याचा आवाज ऐकू यायला तो जरा आपटावा लागे.

त्यांचं खरं नाव ऑफिसात फक्त पगारपत्रकाला ठाऊक होतं. दुसऱ्या मजल्यावरच्या तीन खोल्यांपैकी मधली खोली त्यांची. तिथे भिंतभर बेचाळीस खण आणि खणांत त्यांच्या हातची कार्डं. दर पंधरवड्याला न्यायालयाच्या निकालांचा अंक यायचा. सूचीबाई तो पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचायच्या आणि प्रत्येक निकालाचं एक कार्ड करायच्या. एखाद्या नव्या निकालानं जुना निकाल फिरवला असेल, तर जुनं कार्ड शोधून त्यावर या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत लाल पेन्सिलीची रेघ मारायच्या. रेघ असली की निकाल मेलेला, नसली की जिवंत. कोर्टात उभं राहण्याआधी साहेब, म्हणजे वकीलबाईंचे वडील, एवढंच विचारायचे, "सूचीबाई, हा जिवंत आहे ना?" बाईंनी मान हलवली की साहेब निर्धास्त. पुन्हा स्वतः उघडून बघायची त्यांना कधी गरज वाटली नाही.

आता साहेब थकले होते आणि कारभार मुलीकडे आला होता. परिषदेत तीसेक कंपन्या आपापले प्रोग्राम घेऊन येणार होत्या. निकाल शोधून देणारे, मेलेला की जिवंत ते चुटकीसरशी सांगणारे. त्यातला एक वकीलबाई विकत घेणार होत्या. लपवाछपवी त्यांच्या स्वभावात नव्हती, त्यांनी सरळच सांगितलं होतं. "तुम्ही पन्नास प्रश्न काढा. एकेकाला धारेवर धरू. तुम्हाला जो फसवू शकणार नाही, तो घ्यायचा."

आपल्या जागी येणाऱ्याची परीक्षा आपणच घ्यायची, असा हा प्रकार. दुसरं कुणी असतं तर तोंड पाडून बसलं असतं. सूचीबाई मात्र हिरिरीनं कामाला लागल्या, कारण हे सगळे प्रोग्राम सपशेल आपटणार याबद्दल त्यांच्या मनात तिळमात्र शंका नव्हती. त्या आठवडाभर खण उपसत होत्या आणि आडवळणाचे, खोडसाळ, भल्याभल्यांना घाम फोडतील असे प्रश्न कागदावर उतरवत होत्या.

संध्याकाळी घरी गेल्यावर त्यातला एकेक प्रश्न धाकटीला ऐकवायचा. धाकटी म्हणजे त्यांची बहीण, त्यांच्याहून नऊ वर्षांनी लहान. एकाच इमारतीत सूचीबाई पहिल्या मजल्यावर आणि धाकटी त्यांच्या बरोबर डोक्यावर, दुसऱ्या. शिवणाचं काम करायची. काही झालं की धाकटी शिवणयंत्रावर जाऊन बसायची. भांडण झालं, ताप आला, पाणी गेलं, कुणी वारलं, तिचं उत्तर एकच : पायाखाली पायडल आणि खडखड सुरू. वरून खडखड ऐकू आली की खाली सूचीबाईंचा जीव भांड्यात पडायचा. रात्रीचं जेवण दोघी धाकटीकडे करायच्या आणि जेवताना सूचीबाई दिवसभराचं ऑफिस तिखटमीठ लावून सांगायच्या. सूचीबाईंनी लग्न केलं नव्हतं. धाकटीनं केलं होतं आणि ते निभलं नव्हतं. आता दोघींना एकमेकींशिवाय कुणी नव्हतं.

"कोटाला आतून खिसा ठेवतेय," धाकटी म्हणाली होती. परिषदेसाठी ती ताईला राखाडी कोट शिवत होती. "तुझी कार्डं मावतील एवढा. एक कार्ड दे मापाला."

"अगं, तिथे कार्डं कोण बघणार आहे?"

"नाही बघितली तर नाही. पण तुला हात लावायला काहीतरी नको का? नाहीतर तिथल्या पडद्यांकडे बघून तुझी पाचावर धारण बसेल."

धाकटी अशी होती. तिनं मुलगी गमावली होती, पण कुणाला बोल लावला नव्हता.

ती गोष्ट एकोणीस वर्षांपूर्वीची. धाकटीला छातीचं दुखणं झालं आणि ती चौदा महिने इस्पितळात होती. तेवढे दिवस तिची लेक ठकी बापाकडे, आजीच्या हाताखाली राहिली. धाकटी बरी होऊन आली तर नवऱ्यानं घटस्फोटाचा कागद पुढे केला आणि ठकीचा ताबाही मागितला. खटला साहेबांनी घेतला, एक पैसा न घेता. समोरच्या वकिलानं एक निकाल काढून दाखवला. त्यात म्हटलं होतं, की मूल वर्षाहून जास्त काळ ज्या पालकाकडे राहिलं असेल, त्याच्याकडून ते हलवू नये, दुसरा पालक आजारी होता ही सबब चालणार नाही. साहेबांनी कोर्टाच्या आवारातून फोन केला. "सूचीबाई, हा जिवंत आहे?" बाईंनी खण ओढला, कार्ड काढलं. रेघ नव्हती. "जिवंत आहे साहेब," त्या म्हणाल्या. मग लढण्यात अर्थ नाही, निदान सुट्टीतले पंधरा दिवस तरी पदरात पाडून घेऊ, असं साहेबांनी ठरवलं. धाकटीनं तडजोडीच्या कागदावर सही केली. ठकी तेव्हा पाच वर्षांची होती. दोन सुट्ट्या ती आली. तिसरीच्या आधी बाप तिला घेऊन दूरच्या देशात गेला आणि पंधरा दिवसही संपले.

अठरा वर्षांची झाल्यावर ठकीचा एक मेसेज आला होता. चारच शब्द. 'तू सही का केलीस?' त्या दिवशी दोघी बहिणी फोन मध्ये ठेवून दोन तास बसल्या होत्या. शेवटी सूचीबाईंनी उत्तर सांगितलं आणि धाकटीनं लिहिलं. 'बाळा, कायदाच तसा होता. माझा इलाज नव्हता.' खाली पुराव्यादाखल निकालाचा खंड आणि पान. पोरगी हुशार आहे, तिला नुसत्या शब्दांपेक्षा आधार दिलेला बरा, असं सूचीबाईंना वाटलं होतं. मेसेज वाचल्याची खूण आली. उत्तर मात्र आलं नाही, त्याला आता सहा वर्षं झाली. धाकटीनं तेव्हापासून फोन नंबर बदलला नव्हता. फोन दोनदा बदलला, नंबर तोच.

परिषदेला पाच दिवस उरले असताना वकीलबाईंनी एका कंपनीचा प्रोग्राम चाचणीसाठी मिळवला. "रंगीत तालीम करू," त्या म्हणाल्या. दुपारी तीनला दोघी कॉम्प्युटरसमोर बसल्या. सूचीबाई वाचायच्या, वकीलबाई टाइप करायच्या. पहिल्या तीस प्रश्नांत प्रोग्राम चार ठिकाणी चुकला. चारही वेळा सूचीबाईंनी कार्ड आणून टेबलावर आपटलं. पोरीसारखा आनंद झाला होता त्यांना. "सांगा तुमच्या कंपनीला, आधी माझ्याकडे उमेदवारी करा म्हणावं!"

एकतिसावा प्रश्न ठकीचा होता. कौटुंबिक कायद्यातला एकतरी हवा होता. त्या विषयाचे खटले ऑफिसकडे फारसे येत नसत आणि त्या खणाला सूचीबाईंनी एकोणीस वर्षांत आपण होऊन हात लावला नव्हता. पण हा निकाल त्यांना खंड-पानासकट पाठ होता, खण उघडायचीही गरज नव्हती.

प्रोग्रामनं लाल खूण दाखवली. निकाल मोठ्या न्यायपीठानं फिरवला आहे. खाली तारीख.

"पाचवी चूक!" सूचीबाई म्हणाल्या. "जिवंत माणसाला मारतोय मेला. थांबा, खंडच आणते."

त्या मधल्या खोलीत गेल्या. प्रोग्रामनं दिलेला खंड लाल कापडी पाठीचा होता, खालून दुसऱ्या फळीवर. त्यांनी तो उभ्यानंच उघडला. सहाशे चौदावं पान. निकाल तिथे होता. 'आईच्या आजारपणाचा काळ तिच्याविरुद्ध मोजता येणार नाही.' तिसऱ्या परिच्छेदात जुन्या निकालाचं नाव घेऊन तो चुकीचा ठरवला होता. तारीख धाकटीनं सही केली त्याच्या चार महिने आधीची.

त्या फळीला धरून खाली बसल्या.

कसं झालं, हे त्यांना तिथे जमिनीवर बसल्याबसल्याच कळलं. दुसऱ्या कुणाला ते आयुष्यात उमगलं नसतं. अंक वाचून, कार्डं करून झाली, की सूचीबाई त्याच्या पुठ्ठ्यावर कोपऱ्यात पेन्सिलीनं एक बारीक खूण करायच्या. खूण नसलेला अंक म्हणजे न वाचलेला अंक. सहा महिन्यांचे अंक जमले की गठ्ठा बाइंडरकडे जायचा. त्या वर्षी धाकटीला इस्पितळातून घरी आणायचं म्हणून त्यांनी दहा दिवसांची रजा काढली होती. त्या सहामाहीचा शेवटचा अंक तेवढा यायचा होता, म्हणून जाताना बाकीचा गठ्ठा बांधून दाराशी ठेवला होता. तो अंक त्यांच्या रजेत आला असणार, कुणीतरी तो गठ्ठ्यावर ठेवला असणार आणि बाइंडरचा माणूस सगळंच उचलून घेऊन गेला असणार. बाइंडर अंक शिवताना पुठ्ठे फाडून टाकतो. खंड परत आला तेव्हा त्यात पुठ्ठे नव्हते आणि खुणाही नव्हत्या. सूचीबाईंनी अंक मोजून घेतले. ते पुरे भरले. वाचलेले किती, हे विचारायचं त्यांच्या डोक्यातही आलं नाही. धाकटीला तेव्हा जिना चढवत नव्हता आणि बाईंचं सगळं लक्ष घरी होतं.

"सापडला का?" आतून वकीलबाईंनी हाक मारली.

"सापडला," सूचीबाई म्हणाल्या. "प्रोग्रामचं बरोबर आहे."

घरी जाताना रस्त्यात थांबून त्यांनी स्वतःचा मोबाइल काढला. ठकीला पाठवलेला खंड आणि पान टाकलं, जसं कुणीही टाकेल. तीन सेकंद लागले. पहिल्याच ओळीत, फुकट, जगातल्या कुणालाही दिसेल असं लिहिलं होतं : हा निकाल फिरवला गेला आहे. शेजारी तारीख.

म्हणजे ठकीनं सहा वर्षांपूर्वी हेच बघितलं होतं. तिनं आईला विचारलं, आईनं आधार दिला आणि तो आधार खोटा निघाला. आपल्याला सोडून दिलं ते दिलं, वर आई खोटं बोलली, असंच पोरीला वाटलं असणार. दुसरं काय वाटेल? सूचीबाई भर रस्त्यात रडायला लागल्या. येणारी-जाणारी माणसं बघत होती, पण त्यांना त्याचं भान नव्हतं.

दोन दिवस त्यांनी काढले. न सांगता राहणं सोपं होतं. कार्डावर आज रेघ मारली असती आणि कोट घालून परिषदेला गेल्या असत्या, तर कुणाला पत्ता लागला नसता. साहेबांना आता कालचंही आठवत नव्हतं. पण तोंड बंद ठेवलं तर ठकीच्या लेखी तिची आई जन्मभर खोटारडी राहणार होती. आणि तोंड उघडलं तर धाकटी दुरावणार होती. जेवताना धाकटी विचारायची, "आज प्रश्न नाही का सांगायचा?" आणि सूचीबाई म्हणायच्या, "संपले."

तिसऱ्या दिवशी कोट अंगावर चढवून मापाला उभं राहायचं होतं. धाकटी गुडघ्यांवर बसून खालची कड टाचत होती. तिच्या ओठांत टाचण्या होत्या. तिला मध्ये बोलता येणार नाही, हे बघूनच सूचीबाईंनी तो क्षण निवडला. भेकडपणा होता तो आणि त्यांना ते ठाऊक होतं. त्यांनी सगळं सांगितलं. गठ्ठा, रजा, पुठ्ठे, सहाशे चौदा पान. ठकीला पाठवलेला मेसेजही.

धाकटीनं कड पुरी टाचली. मग ओठांतल्या उरलेल्या टाचण्या एकेक करून उशीत खोचल्या.

"साहेबांना ते पान दाखवलं असतंस, तर ठकी मला मिळाली असती?"

"कदाचित—"

"ताई. तू कुणाला कधी कदाचित म्हणत नाहीस."

"मिळाली असती," सूचीबाई म्हणाल्या.

धाकटी म्हणाली, "मी तिला सांगितलं, कायदाच तसा होता. मी स्वतःलाही तेच सांगत आले गं. रोज सकाळी उठून तेच सांगत आले."

"माझ्यासाठी रजा काढलीस म्हणून झालं, असं मात्र म्हणू नकोस," ती पुढे म्हणाली. "तेवढं माझ्या माथी मारू नकोस."

"नाही म्हणत."

"तिचा नंबर घे. तूच लिही. तुझ्या नावानं." तिनं ताईच्या अंगावरचा कोट काढून घेतला. एका चिठोऱ्यावर तारीख लिहिली आणि ती कॉलरला टाचली, जशी ती गिऱ्हाइकांच्या कपड्यांना टाचायची. "परवा सकाळी दाराला अडकवून ठेवीन. परिषदेला जा. नको म्हणणार नाही. पण आल्यावर मला काही सांगायला येऊ नकोस."



त्या रात्री कित्येक वर्षांत पहिल्यांदाच त्या आपल्या घरी एकट्या जेवायला बसल्या आणि दोन घासांवर उठल्या. ठकीला काय लिहायचं ते त्यांना सुचेना. शेवटी त्यांनी एक कोरं कार्ड घेतलं आणि जन्मभर लिहिलं तसंच लिहिलं. वर निकालाचं नाव. खाली : फिरवला, अमुक तारखेला, खंड अमुक, पान सहाशे चौदा. त्याखाली : माझ्या वाचनातून सुटला. निकाल जिवंत आहे असं मी सांगितलं, म्हणून तुझ्या आईनं सही केली. चूक माझी. सही, मावशी. मग लाल पेन्सिल घेतली आणि जुन्या निकालाच्या नावावर रेघ मारली. कार्डाचा फोटो काढून पाठवला. वाचल्याची खूण लगेच आली आणि उत्तर आलं नाही. दुसऱ्या दिवशीही आलं नाही.

परिषदेच्या दिवशी सकाळी वकीलबाई गाडी घेऊन येणार होत्या. कोट दाराच्या कडीला अडकवलेला होता, इस्त्री करून. सूचीबाईंनी कॉलरवरची चिठ्ठी काढली, कोट घातला. बसला होता अगदी अंगचा असल्यासारखा. आत हात घालून बघितलं. खिसा होता, बरोबर कार्डाच्या मापाचा. धाकटीनं कामात कुचराई केली नव्हती. खिसा वगळला असता, तर सूचीबाईंना बरं वाटलं असतं.

खालून हॉर्न वाजला. त्या कुलूप लावत होत्या, तेव्हा फोन थरथरला.

ठकीनं लिहिलं होतं, 'आईला हे माहीत होतं का?'

सूचीबाई बॅग तिथेच टाकून वरचा जिना चढल्या. येऊ नकोस म्हटलेलं त्यांना आठवत होतं. त्यांनी दार ठोठावलं. धाकटीनं उघडलं, ताईकडे न बघता कोटाकडे बघितलं, खांद्याजवळ राहिलेला कच्च्या टाक्याचा पांढरा दोरा सवयीनं दातांनी तोडला आणि मग मागे सरली. सूचीबाईंनी फोन पुढे केला.

धाकटीनं वाचलं. पुन्हा वाचलं. तिचा अंगठा पडद्यावरच्या त्या ओळीवर फिरला, एकदा, दोनदा. एकोणीस वर्षांत लेकीचे शब्द तिच्या हाताला दुसऱ्यांदा लागत होते.

"तू उत्तर दे," सूचीबाई म्हणाल्या. "फोन ठेवून जाते मी."

"तिनं तुला विचारलंय," धाकटी म्हणाली. "माझ्याबद्दल तुला विचारलंय. मला नाही."

खाली पुन्हा हॉर्न वाजला.

"नाही म्हणून लिही," धाकटी म्हणाली. "खोटं नको. आता खरंच लिही." तिनं फोन ताईच्या हातात परत दिला, दार लोटलं आणि आतून कडी घातली.

सूचीबाई जिन्यात उभ्या राहून एकेक अक्षर शोधत लिहू लागल्या. 'नाही. तिला दोन दिवसांपूर्वी माझ्याकडून कळलं. तिचा नंबर तोच आहे. तुझ्यासाठी तिनं तो बदलला नाही.' पाठवलं. मग त्या दाराशी कान देऊन थांबल्या. धाकटी आता शिवणयंत्रावर बसेल, खडखड सुरू होईल, तेवढी ऐकली की निघू, असं त्यांनी ठरवलं होतं. तिसरा हॉर्न वाजला, चौथा वाजला. आत काहीही वाजलं नाही. त्या जिना उतरल्या, बॅग उचलली आणि गाडीत जाऊन बसल्या.

"पन्नास प्रश्न घेतले ना?" वकीलबाईंनी विचारलं.

"घेतले," सूचीबाई म्हणाल्या आणि गाडी वळेपर्यंत वरच्या खिडकीकडे बघत राहिल्या.